खेळ पायांचा

[बॅडमिंटन हा हाताचा खेळ आहे, असे आपल्याला वाटते. लेखकालाही लहानपणी तसेच वाटत होते. एका शुक्रवारी त्याचा पाय मुरगळला आणि तो आपल्या वडिलांबरोबर दवाखान्यात गेला. तेथे आणि पुढे शाळेच्या मैदानावर त्याला पायांविषयी जे कळले, ते त्याने या पाठात सांगितले आहे.]

माझे बालपण मालेगावात गेले. आमच्या गल्लीत घरे थोडी आणि यंत्रमागांचे कारखाने जास्त. दिवसरात्र खटखट चाललेली असे. पाहुणे आले की त्यांना झोप लागत नसे आणि आम्ही परगावी गेलो की आम्हांला झोप लागत नसे. शुक्रवारी मात्र कारखाने बंद असत. माग थांबले की गल्लीत इतकी शांतता पसरे, की कोणाच्या घरी भांडे पडले तरी ऐकू येई.

शुक्रवारची सकाळ आम्हां मुलांची होती. थंडीच्या दिवसांत उजाडता उजाडता आम्ही दोरी घेऊन बाहेर पडत असू. विजेच्या खांबापासून समोरच्या खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधली की आमचे जाळे तयार! ऊन वर आले की वारा सुटे आणि वारा सुटला की खेळ संपे. कारण आमचे शटल वाऱ्याबरोबर कोणाच्याही गच्चीवर जाऊन बसे. आम्ही त्याला ‘चिडिया’ म्हणत असू. पुढे मराठी मित्र झाले तेव्हा कळले, की ते त्याला ‘फूल’ म्हणतात. सोळा पिसांचे खरे शटल आम्ही दुकानाच्या काचेतूनच पाहिले होते. आमचे प्लॅस्टिकचे असे.

माझे अब्बा यंत्रमागावर काम करीत. आडवा धागा घेऊन मागाच्या या टोकापासून त्या टोकाला जो धोटा धावतो, त्यालाही इंग्रजीत शटलच म्हणतात. खेळातल्या शटलला ते नाव मागावरूनच मिळाले आहे. अब्बा हसून म्हणत, “मी सहा दिवस शटल सांभाळतो, तू एक दिवस. पण माझे शटल चुकले तर पगार कापला जातो.”

अब्बांकडे चार माग होते आणि पाळी बारा तासांची. बारा तास उभे राहायचे. तुटलेला धागा जोडायचा, रिकामी कांडी बदलायची, दोन पावले इकडे, दोन पावले तिकडे. घरी आले की ते भिंतीला पाठ टेकून बसत आणि पाय लांब करीत. त्यांचे पाय संध्याकाळी सुजलेले असत. सगळ्याच कारखान्यांतल्या माणसांचे पाय असेच असतात, असे मी समजत होतो.

आमचा खेळ कसा चाले ते सांगतो. सगळ्यांचे लक्ष हातांवर. कोणाचा फटका जोरदार, कोणाचे मनगट लवचीक, यावर वाद होत. पायांकडे कोणी पाहत नसे. कोणी अनवाणी, तर कोणी स्लिपर घातलेला. मी स्वतःला गल्लीतला सर्वांत चांगला खेळाडू समजत होतो. मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. मागे जाऊन उंच शटल मारायला मी उडी घेतली. खाली येताना एक पाय गटाराच्या फरशीच्या कडेवर पडला. स्लिपरचा पट्टा तुटला आणि पाय आतल्या बाजूला मुरगळला. शटल कोठे गेले ते मला आजही माहीत नाही.

गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी तेल लावून माझा पाय चांगला चोळला आणि जोराने ओढला. त्यांचा हेतू चांगला होता. पण दुपारपर्यंत घोटा नारळाएवढा झाला. शेवटी अब्बांनी मला सायकलवर बसवले आणि आम्ही मोसम पुलापलीकडे एका डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर मराठी बोलत. अब्बांना मराठी फारसे येत नव्हते. मी शाळेत मराठी शिकत होतो, म्हणून दुभाष्याचे काम माझ्याकडे आले. दुखत होते तरी मला त्याचा थोडा अभिमानच वाटत होता.

डॉक्टरांनी घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडे बोटाने दाबून पाहिली. मग म्हणाले, “चार पावले चालून दाखव.” मी लंगडत चार पावले चाललो. “हाड मोडलेले दिसत नाही,” ते म्हणाले. “हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. तुझा अस्थिबंध ताणला गेला आहे. दोन-तीन दिवस चोळायचे नाही, शेकायचे नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून मधून मधून ठेवायचा. पट्टी बांधायची. पाय उशीवर ठेवून पडून राहायचे.”

मी हे सर्व अब्बांना सांगितले. तेवढ्यात डॉक्टरांची नजर अब्बांच्या पायांकडे गेली. अब्बांनी लुंगी थोडी वर घेतली होती. गुडघ्याखाली निळ्या-जांभळ्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या आणि वेड्यावाकड्या झालेल्या दिसत होत्या. डॉक्टरांनी मला म्हटले, “यांना विचार, संध्याकाळी पोटरी दुखते का?”

पोटरी! हा शब्द आमच्या पुस्तकात कधी आलाच नव्हता. पण ‘पोट’ मला माहीत होते. पोटरी म्हणजे लहान पोट असेल, असे समजून मी अब्बांना विचारले, “डॉक्टर विचारतात, संध्याकाळी पोट दुखते का?”

अब्बा गोंधळून म्हणाले, “पोट? पोट तर चांगले आहे.”

मी डॉक्टरांना सांगितले, “नाही दुखत.” डॉक्टरांनी पुन्हा अब्बांच्या पायांकडे पाहिले. त्यांना ते पटेना. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आले. त्यांनी आपली पँट वर केली आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूखाली थाप मारली. “ही पोटरी!”

“अब्बा, पिंडली!” मी ओरडलो.

अब्बा क्षणभर काही बोलले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, “त्यांना सांग, दुखते. चार वर्षे झाली.” घरी आम्हांला कोणालाच हे ठाऊक नव्हते.

डॉक्टरांच्या खिडकीतून रस्त्यावरचा हापसा दिसत होता. एक बाई त्यावर पाणी भरत होती. डॉक्टरांनी तिकडे बोट दाखवले आणि जे सांगितले, ते मी आजही विसरलो नाही.

हृदय रक्त खाली पायांकडे ढकलते, ते काम सोपे आहे. उतारावरून पाणी जावे तसे. पण तेच रक्त पायांतून परत वर हृदयाकडे जायचे असते. ते चढ चढून कसे जाणार? त्यासाठी पोटरीचा स्नायू हापशासारखे काम करतो. आपण चालतो, पळतो, टाच उचलतो, तेव्हा पोटरी आवळली जाते. तिच्यामधल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. त्या शिरांमध्ये जागोजागी लहान लहान झडपा असतात. त्या वरच्याच बाजूला उघडतात. म्हणून वर गेलेले रक्त पुन्हा खाली येत नाही. हापशाच्या आतही अशीच झडप असते. पण दांडाच हलवला नाही तर? तर पाणी वर येत नाही. माणूस तासन् तास एका जागी उभा राहिला की पोटरीचा दांडा हलत नाही. रक्त खाली साठून राहते. शिरांवर दाब पडतो, त्या फुगतात. फुगलेल्या शिरांतल्या झडपा नीट मिटत नाहीत आणि मग रक्त आणखी साठते. पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात ते यामुळे.

अब्बांनी विचारले, “याला औषध काय?”

“फुगलेल्या शिरा व्यायामाने पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत,” डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. “फारच त्रास झाला किंवा जखम झाली तर शस्त्रक्रिया करावी लागते. पण सूज आणि वेदना कमी करणे तुमच्या हातात आहे. हातात म्हणजे पायात! मागापाशी उभे असताना दर तासाला वीस वेळा टाचा वर-खाली करा. कारखान्यात सायकलने जाता, त्याऐवजी चालत जा. रात्री पाय उशीवर ठेवा.” मग माझ्याकडे पाहून ते हसले. “आणि शुक्रवारी या पैलवानाबरोबर थोडे खेळा.”

हे शेवटचे वाक्य मी अब्बांना सांगितले तेव्हा त्यांना मी पुन्हा चुकीचे भाषांतर केले असे वाटले.

तीन आठवडे मी खेळलो नाही. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी एक गमतीचा व्यायाम दिला होता: दात घासताना एका पायावर उभे राहायचे. पहिल्या दिवशी मी तीन वेळा भिंतीला धरले. अस्थिबंध केवळ हाडे बांधून ठेवत नाहीत, तर पाय सरळ आहे की कलला आहे याची बातमीही मेंदूला देतात. एकदा दुखापत झाली की ही बातमी नीट पोहोचत नाही. म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. तोल सांभाळण्याच्या व्यायामाने घोटा पुन्हा सावध होतो.

शाळेत गेलो तर आमच्या क्रीडाशिक्षकांना सर्व हकिकत आधीच समजली होती. त्यांनी मला आणि आणखी सात-आठ मुलांना बोलावले. “उद्यापासून मी तुम्हांला बॅडमिंटन शिकवतो,” ते म्हणाले. “पण एक अट. रॅकेट घरी ठेवून यायचे.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. रॅकेटशिवाय बॅडमिंटन म्हणजे पिठाशिवाय रोटी!

सरांनी मैदानावर फक्कीने कोर्ट आखले. एकेरी सामन्याचे कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद असते. म्हणजे एका खेळाडूच्या वाट्याला ६.७० मीटर लांबीची जागा येते. ही जागा एखाद्या मोठ्या खोलीएवढीच आहे. पण तिच्या कोणत्याही कोपऱ्यात शटल पडू शकते आणि तेथे आपल्याला वेळेवर पोहोचायचे असते. “शटल हात मारतो,” सर म्हणाले, “पण हाताला शटलपर्यंत कोण नेतो?”

संपूर्ण आठवडा आम्ही रिकाम्या हातांनी खेळलो. मध्यभागी उभे राहायचे. सरांनी टाळी वाजवली की चवड्यांवर एक छोटीशी उडी घ्यायची आणि ते बोट दाखवतील त्या कोपऱ्याकडे जायचे. समोरचा खेळाडू फटका मारतो त्याच क्षणी ही छोटी उडी घ्यावी लागते. तिच्यामुळे गुडघे किंचित वाकतात आणि पाय कोणत्याही दिशेला निघायला तयार होतात. एका सामन्यात अशा किती उड्या होतात याचा विचार करा. प्रत्येक उडीला पोटरी आवळते आणि सैल होते. मला लगेच हापसा आठवला.

जाळ्याजवळचे शटल घ्यायचे तर मोठे पाऊल पुढे टाकावे लागते. ते कसे टाकायचे, यावर सरांनी दोन दिवस घालवले. आधी टाच टेकवायची, मग तळवा, मग बोटे. पाऊल शटलच्या दिशेला असावे आणि गुडघाही त्याच दिशेला वाकावा. पाऊल एकीकडे आणि गुडघा दुसरीकडे, असे होता कामा नये. असे पाऊल टाकून पुन्हा मध्यभागी परत येताना मांडीचे आणि नितंबाचे स्नायू शरीराचा सारा भार मागे ढकलतात. दुसऱ्या दिवशी आम्हांला शाळेचा जिना उतरता येईना. सर म्हणाले, “आता समजले ना, खेळ कोणाचा आहे?”

सरांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट येत असे. पळताना आपण बहुतेक वेळ सरळ पुढे जातो. या खेळात मात्र पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि तिरके जावे लागते. मध्येच थांबावे लागते, वळावे लागते. त्यामुळे घोट्याच्या सर्व बाजूंच्या स्नायूंना काम मिळते. तळपायाची कमान धक्का झेलते आणि स्प्रिंगसारखी पुन्हा उसळते. आपल्या एका पावलात २६ हाडे आहेत. दोन्ही पावलांची मिळून ५२, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा केवळ पावलांत! इतकी हाडे उगीच नाहीत. खडबडीत जमिनीवरही पाऊल नीट बसावे आणि प्रत्येक दिशेला वळावे, यासाठी ही व्यवस्था आहे.

हाडांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण ते तुमच्या वयाचे आहे. हाड दगडासारखे निर्जीव नसते. ते सतत झिजते आणि सतत भरून निघते. त्याच्यावर भार पडला, उडीचा धक्का बसला, की त्या जागी ते अधिक घट्ट होते. पोहण्याने स्नायू उत्तम होतात. पण पाण्यात शरीराचा भार हलका होतो, म्हणून हाडांना तो धक्का मिळत नाही. उड्यांच्या खेळांत तो मिळतो, आणि वेगवेगळ्या दिशांनी मिळतो. हाडांची ही कमाई मुख्यतः वाढत्या वयात होते. तिशीनंतर माणूस बहुतेक साठवलेल्यावरच जगतो.

हा खेळ आपल्याला परका नाही. सुमारे १८७० नंतरच्या काळात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत. त्याचे सुरुवातीचे काही नियम तेथेच तयार झाले आणि काही काळ या खेळालाच ‘पूना’ असे नाव होते. ‘बॅडमिंटन’ हे नाव इंग्लंडमधल्या एका हवेलीवरून पडले. त्या वेळचे कोर्ट मध्ये निमुळते होते, डमरूसारखे. १९०१ पासून ते आजच्यासारखे आयताकृती झाले. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर यांनी १९५६ मध्ये मलायात स्पर्धा जिंकली. परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनसाठीचा पहिला पुरस्कार त्यांनाच मिळाला. प्रकाश पदुकोण यांनी १९८० मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. बंगळूरमध्ये ते ज्या दिवाणखान्यात खेळायला शिकले, तो लग्नकार्यासाठीही वापरला जाई! आमच्या गल्लीतल्या दोरीबद्दल मला वाटणारी लाज हे ऐकून कमी झाली.

येथवर मी खेळाचे गुणच सांगितले. पण हाच खेळ पाय मोडूही शकतो, आणि ते लपवून ठेवणे योग्य नाही. पुल्लेला गोपीचंद यांच्या गुडघ्याला १९९४ मध्ये गंभीर दुखापत झाली. शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. तरीही २००१ मध्ये त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. स्पेनची कॅरोलिना मारिन हिने २०१६ मध्ये ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले. पुढे तिच्या दोन्ही गुडघ्यांचे अस्थिबंध तुटले आणि २०२४ मध्ये पॅरिसला, आघाडीवर असताना, उपान्त्य सामना तिला रडत रडत सोडावा लागला. आपल्या पी. व्ही. सिंधू हिने २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, तेव्हा तिच्या डाव्या पायाच्या हाडाला अतिताणामुळे तडा गेलेला होता. त्यानंतरच्या जागतिक स्पर्धेत ती खेळू शकली नाही. भार हाडाला घट्ट करतो हे खरे. पण भरून निघायला वेळ दिला नाही, तर तोच भार त्याला तडा देतो.

माझ्या आपाच्या बाबतीत असेच झाले. आपा मुलींबरोबर गच्चीवर खेळत असे, आणि खरे सांगायचे तर ती माझ्यापेक्षा चांगली खेळे. पण गच्ची सिमेंटची, पाय अनवाणी आणि परीक्षेनंतरच्या सुट्टीत खेळ रोज तीन तीन तास. पंधरा दिवसांत तिच्या नडग्या दुखू लागल्या. मी सरांना विचारले. सरांनी सांगितले, “आठवडाभर बंद. मग एक दिवसाआड. आणि तिला बूट हवेत.” चांगले कोर्ट लाकडी असते आणि धक्का शोषून घेते, सिमेंट तसे करीत नाही. धावण्याचे जाड टाचेचे बूटही या खेळाला चालत नाहीत, कारण बाजूला वळताना त्यांवर पाय कलंडतो. तळ सपाट हवा, घट्ट पकडणारा हवा आणि टाच आत हलता कामा नये. अब्बांनी त्या महिन्यात आपाला कॅनव्हासचे बूट आणले. मला मिळाले नाहीत. मी रुसलो, तेव्हा अम्मी म्हणाली, “तुझे स्लिपर आधी गटारातून काढ.”

खेळण्याआधी पाच-दहा मिनिटे हळू पळावे, घोटे गोल फिरवावेत. टाचेच्या मागे जी जाड दोरीसारखी शीर लागते, ती पोटरीला टाचेशी जोडते. थंड असताना तिला एकदम झटका देऊ नये. खेळून झाल्यावर मोजे काढावेत, पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. नाहीतर चिखल्या होतात. नखे सरळ कापावीत. या गोष्टी लहान वाटतात, पण एक फोड झाला तरी मोठा खेळाडूसुद्धा लंगडतो.

मोठेपणी मी मानसी जोशी यांच्याविषयी वाचले. त्या मुंबईच्या. लहानपणी वडिलांबरोबर बॅडमिंटन खेळत. पुढे अभियंता झाल्या. २०११ मध्ये ट्रकच्या अपघातात त्यांचा डावा पाय गेला. कृत्रिम पाय बसवल्यावर त्या चालायला शिकल्या आणि पुन्हा कोर्टवर आल्या. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेल येथे त्या आपल्या गटात जगज्जेत्या झाल्या. त्यांच्या गटात एकेरीचा सामना अर्ध्या कोर्टवर होतो. अर्धे म्हणजे सोपे, असे मला प्रथम वाटले. मग मी एकदा एका पायावर भार टाकून, दुसरा पाय ताठ ठेवून पुढचे शटल घेण्याचा प्रयत्न केला. घोटा नसताना तोल कसा सांभाळायचा? जे काम आपला घोटा न सांगता करतो, ते त्यांना मांडी, कंबर आणि डोळे यांच्याकडून करून घ्यावे लागते.

आता अब्बांची गोष्ट पुरी करतो. डॉक्टरांकडून आल्यावर त्यांनी कारखान्यात टाचा वर-खाली करायला सुरुवात केली. पहिले काही दिवस शेजारचे कामगार हसले. महिन्याभराने त्यांच्यापैकी दोघे तसेच करताना दिसले. अब्बा चालत कामाला जाऊ लागले. रात्री उशी त्यांच्या डोक्याखाली कमी आणि पायांखाली जास्त असे. शिरा होत्या तशाच राहिल्या. पण संध्याकाळची सूज कमी झाली आणि भिंतीला टेकून बसण्याचा वेळही.

पुढच्या थंडीत एका शुक्रवारी सकाळी मी आणि आपा दोरी बांधत होतो. अब्बा दारात चहा पीत उभे होते. त्यांनी कप खाली ठेवला, लुंगी खोचली आणि म्हणाले, “आण ते रॅकेट.”

ते शटल मारत होते धोट्यासारखे, सरळ आणि सपाट. दहांपैकी सात दोरीखालून जात. पण आपा त्यांना मुद्दाम पुढे-मागे पळवत होती आणि ते पळत होते. थोड्या वेळाने ते धापा टाकत ओट्यावर बसले. दोन्ही हातांनी पाय दाबत त्यांनी मला विचारले, “त्या दिवशी डॉक्टर पिंडलीला काय म्हणाले होते?”

“पोटरी, अब्बा.”

“पोटरी,” अब्बा म्हणाले. मग उठून म्हणाले, “चल, अजून वारा सुटला नाही.”

शब्दार्थ
दुभाष्या – एकाचे बोलणे दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा. कांडी – धोट्यात बसवायची सुताची गुंडी. हापसा – हाताने पाणी उपसण्याचा पंप. झडप – एकाच बाजूला उघडणारे लहान दार. चवडा – पावलाचा बोटांकडील भाग. नडगी – गुडघ्याखालचे पुढचे हाड. बेचकी – दोन बोटांमधील जागा. चिखल्या – ओलाव्यामुळे पायाच्या बोटांत होणारा त्वचारोग.

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शुक्रवारी गल्लीत शांतता का असे?
(आ) खेळातल्या शटलला ते नाव कोठून मिळाले?
(इ) लेखकाने ‘पोटरी’ या शब्दाचा कोणता अर्थ लावला?
प्र. २. डॉक्टरांनी पोटरीची तुलना हापशाशी का केली, ते तुमच्या शब्दांत लिहा.
प्र. ३. सरांनी मुलांना रॅकेट घरी ठेवायला का सांगितले?
प्र. ४. घोटा, टाच, गुडघा, तळवा, मांडी या शब्दांसाठी उर्दूत कोणते शब्द आहेत ते सांगा व प्रत्येक मराठी शब्दाचा वाक्यात उपयोग करा.
प्र. ५. तुमच्या घरात किंवा शेजारी दिवसभर उभे राहून काम करणारे कोण आहे? त्यांच्याशी बोला आणि त्यांनी सांगितलेले मराठीत आठ-दहा ओळींत लिहा.